सोफ्याचं कापड आणि आईची चादर

मी डमडमहून बोलतेय. इथला उन्हाळा आणि पावसाळा ज्यांनी अनुभवलाय, त्यांना आजचा विषय लगेच कळेल. विषय आहे घरातल्या सोफ्या-खुर्च्यांना कोणतं नैसर्गिक कापड लावावं. सुरुवात माझ्या चुकीपासूनच करते.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझी आई सोलापूरहून आमच्याकडे राहायला आली. दिवसातला बराचसा वेळ ती सोफ्यावरच बसायची. तेव्हा सोफ्याला रेक्झीन होतं. पुसायला सोपं, पण एप्रिलमध्ये अंगाला चिकटायचं. आईच्या पाठीवर घामोळं उठलं. मी ठरवलं, आता नैसर्गिकच कापड घ्यायचं. आणि बंगालमध्ये राहून ताग सोडून दुसरं काय घेणार? इथून जवळच, हुगळीच्या काठावर रिश्र्याला १८५५ मध्ये देशातली पहिली ताग गिरणी सुरू झाली. तागाचं कापड छान दिसलं, मिस्त्रींनी बेतून बसवलं, मीही खूश झाले.

आईचे हात कोपरापर्यंत उघडे असायचे, तिथे तागाचे धागे टोचायला लागले. पाऊस सुरू झाला तसा कुबट वास येऊ लागला. चहा सांडला, त्याचा तपकिरी डाग काही केल्या निघेना. खिडकीकडची बाजू उन्हानं पिवळी पडली. आई मला एका शब्दानं बोलली नाही. एके दिवशी बॅगेतून तिनं आपली जुनी सोलापुरी चादर काढली आणि सोफ्यावर अंथरली. दर आठवड्याला ती धुवायची. मी इतके पैसे घालून जे साधलं नाही, ते तिनं एका चादरीनं साधलं.

तेव्हा मला कळलं, नैसर्गिक म्हणजे सगळं एकसारखं नसतं. कापड आपल्या हवेला आणि बसणाऱ्या माणसाला मानवलं पाहिजे.

आता थोडं समजून घेऊ. हवेतली ओल धरण्याची प्रत्येक धाग्याची ताकद वेगळी असते. ठरावीक तापमानाला आणि दमटपणाला मोजलं, तर सुती धागा आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल धरतो, लिनन बारा टक्के, ताग पावणेचौदा टक्के. पॉलिएस्टर मात्र अर्धा टक्काही नाही. म्हणून पॉलिएस्टरवर घाम तसाच राहतो आणि सुती कापड तो टिपून घेतं. पण ओल धरलेलं कापड वाळलं नाही, तर त्यावर बुरशी येते. कोलकाता असो, कोकण असो की गोवा, हे लक्षात ठेवाच.

म्हणून बसायच्या जागेला जाड, घट्ट विणीचं सुती कापड घ्या. कॅनव्हास किंवा डक चालेल. लिननही थंड आणि मजबूत असतं. आपण ज्या जवसाची चटणी खातो, त्याच झाडाच्या खोडातून ते निघतं. पण ते महाग असतं आणि लवकर चुरगळतं. ताग आवडत असेल तर सोफ्याच्या मागच्या बाजूला लावा, जिथे अंग घासत नाही, ऊन येत नाही आणि चहा सांडत नाही.

दुकानात गेलात की तीन गोष्टी करा. पहिली, कापड उजेडासमोर धरा. विणीतून भोकं दिसली तर ते सोफ्याला टिकणार नाही. दुसरी, कडेचे चार धागे मागून घ्या. घरी चिमट्यात धरून, ताटलीवर सांभाळून जाळा. सुती धागा कागदासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख होते. वितळून कडक गोळी झाली, तर समजा त्यात पॉलिएस्टर आहे. तिसरी, अर्धा मीटरचा चौकोनी तुकडा आणा, धुवा, वाळवा आणि मोजा. ५० सेंटिमीटरचे ४८ झाले, तर कापड चार टक्के आटतं. असं असेल तर सगळं कापड आधी धुऊनच मिस्त्रींकडे द्या. नाहीतर पहिल्याच धुण्यानंतर कव्हर गादीवर चढणार नाही.

आणि कव्हर चेन लावलेलं, काढता येणारंच शिवून घ्या. शिलाई थोडी जास्त पडते, पण दमट हवेत नैसर्गिक कापडाचं आयुष्य धुण्या-वाळवण्यावरच असतं. पावसाळ्यात सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि गाद्या अधूनमधून उभ्या करून पंख्याखाली ठेवा. आतला फोम कृत्रिमच असतो, त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. अंगाला लागतं ते कापड चांगलं असलं की बरंच साधतं.

आमच्या सोफ्याला आता बिनरंगाचं जाड सुती कापड आहे, कव्हरांचे दोन जोड. एक अंगावर, एक दोरीवर. तागाचं कापडही मी टाकलं नाही, त्याच्या बाजारच्या पिशव्या शिवल्या. आईचं घामोळं गेलं. चादर मात्र ती अजूनही अंथरते. मी विचारलं, "आई, आता कशाला?" तर म्हणाली, "अगं, सवय झाली."

तुम्हीही कापड घ्यायला निघण्याआधी, त्यावर सगळ्यात जास्त वेळ जो बसणार आहे, त्याला आधी विचारा. मी ते विचारलं नव्हतं.