केबिनमधून पाहिलेला सिनेमा



काल याच व्यासपीठावर वेदान्त झाला, परवा शेतीच्या पाण्याचा प्रश्न झाला, आणि आज चालकांनी आमच्यासारख्या सिनेमावाल्याला उभे केले आहे. विद्वानांच्या पंगतीत आचाऱ्याला बसवावे तसे हे झाले आहे. तेव्हा आपण आमच्याकडून चित्रपटकलेची मीमांसा ऐकायला आला असाल तर निराश व्हाल. आम्ही चूल कशी पेटते एवढेच सांगू शकतो. शिवाय एक गोष्ट सांगायची आहे, ती आम्ही आजवर कोठे बोललो नाही.

१९७१ साली आम्ही आमच्या गावच्या थेटरात डोअरकीपर म्हणून लागलो. नोकरीचे कारण एकच. फुकट सिनेमा! दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' त्याच वर्षीचा. वडिलांना वाटे, मुलगा बिघडला. आम्हांला वाटे, मोक्ष मिळाला. पण डोअरकीपरचा मोक्ष अर्धवट असतो. खेळ सुरू झाला की उशिरा येणाऱ्यांना बॅटरी दाखवून बसवायचे, आणि शेवट जवळ आला की दारे उघडायला पळायचे. तीन वर्षे आम्ही शेकडो चित्रपटांची फक्त मधली पाने वाचली. नायक-नायिका भेटली कशी हे ठाऊक नाही, लग्न झाले की नाही तेही ठाऊक नाही. मधले भांडण तेवढे पाठ.

मग वर केबिनमध्ये गेलो. आधी रिळे गुंडाळणारा पोऱ्या, नंतर मदतनीस, आणि सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळाल्यावर ऑपरेटर.

आपणांपैकी बहुतेकांनी ती खोली आतून पाहिली नसेल. दोन यंत्रे शेजारी शेजारी उभी. प्रत्येकाच्या पोटात कार्बनच्या दोन कांड्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या. त्यांची टोके एकमेकांना टेकवून क्षणात दूर केली की मधल्या फटीत ठिणगी धरते आणि असा प्रकाश पडतो की उघड्या डोळ्याने पाहू नये. मागच्या अंतर्वक्र आरशाने तो गोळा होऊन फिल्मवर पडतो. कांड्या जळत जातात, फट वाढत जाते. ती हाताने सतत सांभाळावी लागे. जरा लक्ष उडाले की पडदा पिवळा पडे आणि खाली पिटातून शिट्ट्या सुरू होत. त्या शिट्ट्यांत आमच्या मातोश्रींचा उद्धारही असे. पुढे झेनॉनचे दिवे आले आणि ही तारांबळ संपली.

फिल्म यंत्रातून सरळ वाहत जाते असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. सेकंदाला २४ चित्रे, आणि प्रत्येक चित्र खिडकीसमोर क्षणभर थांबते. त्यासाठी चार खाचांचा एक लहानसा क्रूस असतो, तो फिल्मला ओढतो आणि थांबवतो. चित्र सरकताना दिसू नये म्हणून समोर पंखा फिरत असतो. शिवाय लुकलुक जाणवू नये म्हणून थांबलेल्या चित्रावरही तो एकदा आडवा येतो. म्हणजे तीन तासांच्या खेळात जवळजवळ निम्मा वेळ पडदा काळा असतो, आणि त्या अंधाराचेही आपण तिकीट काढलेले असते! कालच्या वक्त्यांनी मायेवर दीड तास घेतला. आम्ही असतो तर त्यांना हा पंखा दाखवला असता.

मिनिटाला ९० फूट फिल्म जाते. तीन तासांचा चित्रपट म्हणजे सोळा हजार फुटांवर. एका यंत्रावरचे दोन हजार फुटांचे रीळ बाविसेक मिनिटांत संपते, आणि दुसऱ्या यंत्रावरचे त्याच क्षणी सुरू व्हावे लागते. त्यासाठी चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येतो. तो दिसला की दुसऱ्या यंत्राची मोटार सुरू करायची. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, की झडप बदलायची. त्या ठिपक्यासाठी आम्ही जन्मभर पडद्याचा कोपराच पाहत आलो. खाली नायिका प्राण सोडते आहे, बायका पदर डोळ्यांना लावताहेत, आणि आम्ही वर कोपऱ्याकडे टक लावून. १९९१ साली 'माहेरची साडी' लागला तेव्हा खेड्यापाड्यांतून बायका ट्रॅक्टर भरभरून आल्या. यंत्राच्या खडखडाटातूनही केबिनच्या भोकातून हुंदके वर येत. आम्ही तो चित्रपट किती वेळा दाखवला याचा हिशेब नाही; पण पाहिला तो पुढे घरी टेलिव्हिजनवर, आणि मग आम्हीही रडलो. घरातल्यांना नवल वाटले.

आता ती गोष्ट.

प्रिंट मुंबईहून येई. लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये वितरकांच्या कचेऱ्या होत्या, तेथून पत्र्याच्या पेट्या निघत आणि एस. टी.ने आमच्यापर्यंत पोहोचत. लहान गावाला प्रिंट येई ती दहा ठिकाणी झिजून. फिल्म तुटली की तुटलेले टोक कापायचे, खरवडायचे, सिमेंट लावून जोडायचे. प्रत्येक जोडात एक-दोन चित्रे जात. ती कचऱ्यात टाकायची. आम्ही टाकत नसू. उजेडाकडे धरून पाहायचे आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे. इतपत ठीक होते. पुढे पुढे मात्र न तुटलेल्या ठिकाणीही आमची कात्री चालू लागली. आवडत्या गाण्यातली दोन चित्रे, नायिकेने मान वळवली तिथली चार. एका फुटात १६ चित्रे बसतात. चार चित्रांनी कोणाचे काय बिघडते, असे आम्ही स्वतःला समजावत असू. प्रेमापोटी केलेली चोरी ही चोरी नव्हे असेही वाटे. बहुतेक चोरांना तसेच वाटते.

पण बिघडते. ध्वनीची पट्टी चित्राच्या वीसेक चित्रे पुढे असते. त्यामुळे मान वळलेली कापली की तिचे नाही तर पुढचेच एखादे अक्षर तुटते, तालाची एक मात्रा गळते. १९७९ साली एका चित्रपटाबरोबर वितरकाचा प्रतिनिधी आला होता. कानाचा तिखट माणूस. शनिवारी गाणे नीट होते, सोमवारी उडी मारली, हे त्याने बरोबर पकडले. मालकापुढे चौकशी झाली. रिळे गुंडाळणारा पोऱ्या चौदा-पंधरा वर्षांचा होता. फिल्म त्याच्या हातून जाई, म्हणून संशय त्याच्यावर गेला. त्याला विचारले, तो काही बोलला नाही. आम्हांला विचारले; आम्हीही बोललो नाही. संध्याकाळच्या खेळाआधी त्याला पगार देऊन घरी पाठवले. त्या रात्री रिळे आम्हीच गुंडाळली.

आमच्यासारखे आणखी किती होते कोण जाणे. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा'ने मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये बोलायला सुरुवात केली. तो चित्रपट आज कोठेच नाही. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली चार रिळांचा होता. उरली दोन, पहिले आणि शेवटचे, आणि तीही त्या सालची की १९१७ साली पुन्हा केलेली, यावर जाणकारांत वाद आहे. जुन्या फिल्मा चांदीसाठी विकल्या आणि वितळवल्या गेल्या. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, पी. के. नायर यांनी एकेक रीळ दारोदार हिंडून जमवले. ते जमवत होते त्याच वर्षांत आम्ही कात्री चालवत होतो. दोघांनाही सिनेमाचे वेडच होते, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

२०१३ साली आमच्या थेटरात पेट्या येणे थांबले. उपग्रहावरून चित्र येऊ लागले, बटण दाबले की खेळ सुरू. ऑपरेटरचे काम उरले नाही. आम्ही निवृत्त झालो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत थेटर बंद झाले ते पुन्हा उघडलेच नाही. सामान हलवताना मालकांच्या मुलाने निरोप पाठवला, तुमचे काही असेल तर घेऊन जा. कपाटात तो डबा होता.

तो डबा घेऊन आम्ही त्या पोऱ्याकडे गेलो. पोऱ्या कसला, आता नातवंडांचा धनी. बाजारपेठेत त्याचे सायकलींचे दुकान आहे. चहा झाला. आम्ही सारे सांगितले. तो म्हणाला, "दादा, मला तेव्हाच ठाऊक होतं. तुम्ही जेवायला गेलात की मी डबा उघडून बघायचो."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तुमचं लग्न ठरलं होतं ना."

मग म्हणाला, "आणलाय का? दाखवा." झाकण काढताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. तुकडे वाकडे झाले होते, काही एकमेकांना चिकटले होते. दुकानाच्या दारात उन्हाकडे धरून आम्ही दोघे पाहू लागलो. त्या काळच्या रंगीत फिल्मचे निळे-हिरवे रंग विटून जातात आणि तांबूस तेवढा राहतो. सारे गुलाबी झाले होते. आभाळ गुलाबी, झाडे गुलाबी, साडी गुलाबी. त्याच्या मते ती साडी हिरवी होती. आमच्या मते निळी. त्यावर आमचा अर्धा तास वाद झाला आणि दोन गिऱ्हाइके परत गेली.