फिरती पेटी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात, महिला शाखेने भरविलेल्या छायाचित्र-प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



या प्रदर्शनाच्या उद्घाटनाची कामगिरी महिला शाखेच्या चिटणीसबाईंनी मजवर सोपविली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी कलावंत नव्हे. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकविला आणि सुटीत हौसेने कॅमेरा हाताळला, एवढाच माझा अधिकार. परंतु काल सायंकाळी चित्रे भिंतीवर लावण्याचे काम चालू असता मी येथे आले, आणि जे पाहिले त्यामुळे बोलावयाचे ठरविले. बऱ्याच चित्रांखाली ती काढणारीचे नावच नव्हते. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले, "नाव कशाला बाई? घरचेच तर फोटो!" एका भगिनीने तर आपल्या यजमानांचे नाव घातले होते. कारण विचारता ती म्हणाली, "कॅमेरा त्यांचा आहे." कॅमेऱ्याच्या मालकीवरून चित्राचे कर्तृत्व ठरवावयाचे, तर पुरणपोळीचे श्रेय भांडी विकणाऱ्या दुकानदारास द्यावे लागेल!

आपण हसलात, मीही हसले. तथापि हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, हे मला माझ्या मावशीमुळे ठाऊक आहे. दादरला चाळीतल्या दोन खोल्यांत तिचा संसार. तिच्याजवळ आगफा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो निघत, आणि ते बारा फोटो ती चार-चार महिने पुरवीत असे. सार्वजनिक नळावरची पहाट, वाळवणावर राखणीला बसलेली मुलगी, बाळंतिणीच्या खोलीतला तिन्हीसांजेचा दिवा, असे तिचे विषय. त्यांतील एक चित्र एका साप्ताहिकात छापून आले, आणि त्याखाली माझ्या काकांचे नाव होते. यात संपादकांचा काही अपराध नव्हता. पाकिटावर ते नाव मावशीनेच आपल्या हाताने लिहिले होते. "बाईला हे कुठून सुचलं, असं विचारतील ना गं," एवढेच ती मला म्हणाली. पुढे ती गेली. घर आवरताना बिस्किटांच्या डब्यातल्या निगेटिव्ह कोणाच्या, हे कोणासच ठाऊक नव्हते, म्हणून त्या टाकून देण्यात आल्या. मुलांना दाखविण्यासाठी मी शाळेत नेलेल्या बारा प्रती तेवढ्या वाचल्या.

मावशीचे जे झाले, ते थोरामोठ्यांच्या बाबतीतही घडले आहे. होमाई व्यारावाला हे नाव आपण ऐकले असेल. १९१३ साली नवसारीस जन्मलेल्या या पारशी बाई मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या. हिंदुस्थानातील पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांची ख्याती आहे. परंतु आरंभीची त्यांची चित्रे पती माणेकशॉ यांच्या नावाने प्रसिद्ध होत असत, कारण त्या बाईंना तेव्हा कोणी ओळखत नव्हते. पुढे त्या दिल्लीस गेल्या, आणि स्वातंत्र्याचा सोहळा, गांधीजींची अंत्ययात्रा, पंडित नेहरूंचे कितीतरी प्रसंग त्यांनी टिपले. १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि २०१२ च्या जानेवारीत, आपल्या संस्थेची शाखा ज्या बडोद्यास आहे तेथेच, त्यांचे देहावसान झाले. मला विशेष वाटते ते त्यांच्या अगदी पहिल्या कामाविषयी. एका स्त्रियांच्या मंडळाच्या सहलीची ती चित्रे होती, आणि वर्तमानपत्राने दर चित्रास एक रुपया दिला. मैत्रिणींनी समोर उभे राहावे, हसावे, आणि त्यांतून एकीने आपला व्यवसाय उभा करावा, असा हा आरंभ! मात्र पुढे वृत्तपत्रांच्या जगात त्या एकट्याच राहिल्या. आपली चित्रे कोणा समव्यवसायी भगिनीस दाखवून तिचे मत घ्यावे, अशी भगिनीच त्यांना दीर्घकाळ नव्हती.

याउलट काशीजवळच्या रामनगरातील दोन बहिणींची हकिकत पाहा. देबलीना आणि मनोबीना या जुळ्या, जन्म १९१९ चा. वडिलांनी त्यांना बालपणीच कॅमेरे दिले आणि फिल्म धुण्याची, छापण्याची विद्याही घरीच शिकविली. यांपैकी मनोबीना पुढे चित्रपट-दिग्दर्शक बिमल रॉय यांच्या पत्नी झाल्या आणि मुंबईकर बनल्या. दोघी एकमेकींच्या चित्रांच्या पहिल्या परीक्षक. शिवाय संयुक्त प्रांतातील छायाचित्रकारांच्या टपालमंडळाच्या त्या सभासद होत्या. टपालमंडळ ही संस्था आता कोणास आठवत नाही, म्हणून तिची रीत सांगते. सभासदांनी आपापली एकेक प्रत पाठवावयाची. त्या सर्वांचे एक पुडके गावोगाव टपालाने फिरावयाचे. ज्याच्या घरी ते येईल त्याने प्रत्येक चित्रावर आपला अभिप्राय चिठ्ठीवर लिहून पुढच्याकडे धाडावयाचे. फिरून ते पुडके आपल्या दारी येई तेव्हा आपल्या एका चित्रावर अनेक अनोळखी डोळ्यांचे मत वाचावयास मिळे. घराबाहेर फारसे पडता न येणाऱ्या मुलींना याहून मोठी पाठशाळा कोणती?

आता थोडी समुद्रापलीकडची गोष्ट. १९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी वॉशिंग्टनच्या फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन या बाईंनी आपल्या देशातील छायाचित्रकार स्त्रियांना पत्रे लिहून चित्रे मागविली, आणि सोबत स्वतःविषयी माहितीही मागितली. अठ्ठावीस स्त्रियांची सुमारे दीडशे चित्रे त्या पॅरिसला घेऊन गेल्या. पुढे ती रशियातही दाखविण्यात आली. जॉन्स्टनबाई स्वतः याच धंद्यावर पोट भरीत होत्या, म्हणजे या साऱ्याजणी एका अर्थाने त्यांच्या प्रतिस्पर्धीच. तरीही परत आल्यावर त्यांनी स्त्रियांच्या एका प्रसिद्ध मासिकात या भगिनींच्या कामाचा परिचय करून देणारी लेखमाला लिहिली, आणि तीत गर्ट्रूड केझेबियरसारख्या नामांकित बाईंनाही स्थान दिले. कित्येकींची नावे आज अभ्यासकांस ठाऊक आहेत ती त्या पत्रव्यवहारामुळे. चित्र मागविताना नाव आणि माहिती मागण्याची बुद्धी त्यांना झाली, हे मला चित्रे जमविण्याइतकेच मोलाचे वाटते.

आपण म्हणाल, आज हे सारे कशास हवे? प्रत्येकीच्या हाती मोबाइल आहे. क्षणात शंभर जणींस फोटो जातो. जातो खरा! आणि उलट काय येते? एक अंगठा, दोन फुले आणि "मस्त". गेल्या वर्षी माझ्या एका चित्रात क्षितिज चक्क तिरके होते, भूगोलाच्या शिक्षिकेच्या चित्रात! त्यालाही चाळीस अंगठे मिळाले. एकीनेही समुद्र कलंडल्याचे सांगितले नाही.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे मी एक सूचना मांडली आहे. मुंबई, पुणे, बेळगाव, इंदूर आणि बडोदे या पाच शाखांत एक पेटी फिरावी. प्रत्येक भगिनीने वर्षातून दोन छापील प्रती तीत घालाव्या, मागे स्वतःचे नाव, गाव आणि साल शाईने लिहावे, आणि पेटी दारी येईल तेव्हा इतरांच्या चित्रांवर अभिप्राय लिहावा. एका सन्माननीय सभासदांनी अशी हरकत घेतली की, अभिप्राय केवळ स्तुतिपर असावेत, नाहीतर ज्ञातीत मने दुखावतील. त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु आपल्या घरांत सुनेच्या आमटीतील मीठ किती पिढ्या जोखले जात आहे, आणि तेव्हा मने दुखावण्याची चिंता कोणी केल्याचे ऐकिवात नाही! ज्या कामातले दोष कोणी दाखवीत नाही, ते काम कोणी गंभीरपणे घेतलेले नसते, अशी माझी समजूत आहे. अभिप्राय सौजन्याने लिहावा, खाली सही करावी, आणि जिला दोष दिसला तिने उपायही सुचवावा, एवढे बंधन मला मान्य आहे. एखादीस चांगला कॅमेरा घेणे परवडत नसेल, तर शाखेतील दुसरीने आपला महिनाभर द्यावा, हेही मी सूचनेत घातले आहे. तेव्हा मात्र कॅमेरा कोणाचा, हे चित्राखाली लिहू नये!

मंडळाने एक वर्षाच्या प्रयोगास मान्यता दिली आहे. पेटी दारापाशी टेबलावर ठेवली असून ती प्रथम बेळगावास जाईल. काल ज्या चित्रांखाली नावे नव्हती, त्यांच्यापाशी चिटणीसबाईंनी दौत-टाक नव्हे, पण चांगली पेने ठेवविली आहेत. प्रदर्शन पाहण्यापूर्वी ज्यांची चित्रे आहेत त्यांनी तेवढे काम उरकून घ्यावे. पेटीत सर्वांत वर मावशीच्या बारा प्रती मी घातल्या आहेत, मागे तिचे नाव लिहून. त्यांतील तिसऱ्या चित्रात दिव्याचा उजेड जरा अधिक आला आहे असे मला वाटते. बेळगावच्या भगिनींनी आपले मत निःसंकोच कळवावे.