पाऊस घाटमाथ्यावर, सरासरी आमच्या माथी

(कोरडवाहू शेतकऱ्यांच्या जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आम्ही शेतकीची पदवी घेतली तेव्हा ‘पर्जन्यछाया’ हा दोन गुणांचा प्रश्न होता. उत्तर तोंडपाठ होतं. पुढे माण, खटाव, आटपाडीत बैठका घ्यायला लागलो, तेव्हा त्या दोन गुणांपायी किती घरांना कुलपं लागली, किती पोरं गलाईच्या धंद्यावर परमुलखात गेली, ते दिसलं. म्हणून आज तोच प्रश्न पुन्हा सोडवू, पण आपल्या बांधावर बसून.

अरबी समुद्रावरून आलेला वारा कोकणात शिरतो तेव्हा ओलाव्यानं गच्च असतो. पुढे सह्याद्री आडवा. वर चढल्याशिवाय गत्यंतर नाही. वर दाब कमी, म्हणून हवा फुगते; फुगली की गार होते. शंभर मीटर चढली की सुमारे एक अंश. गार हवेत वाफ मावत नाही, तिचे ढग होतात. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून ढगात शिरल्यावर गार होण्याचा वेग निम्म्यावर येतो.

आता ढोबळ हिशेब मांडा. कोकणात हवा २८ अंश. पहिल्या ४०० मीटरात ४ अंश गेले, राहिले २४. पुढचे ९०० मीटर ढगातून. साडेचार अंश गेले, राहिले साडेएकोणीस. हे महाबळेश्वर, उंची सुमारे १३७० मीटर. तिथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस सांडतो. आता रिती झालेली हवा पूर्वेला ६०० मीटरच्या पठारावर उतरते. उतरताना दाबली जाते, तापते, आणि आता शंभर मीटरला पुरा एक अंश, कारण ढग उरलेला नाही. झाली साडेसव्वीस. चढताना याच उंचीवर ती २३ होती. म्हणजे साडेतीन अंश जास्त गरम, आणि पाणी घाटमाथ्यावरच ठेवून आलेली. अशी हवा पाणी देत नाही, मागते. कपाशीच्या पानातून मागते, जमिनीच्या भेगांतून मागते. ऑगस्टच्या उघडिपीत पातेगळ होते तिच्यामागं हा वाराही असतो.

महाबळेश्वरापासून दहिवडी सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. सांगलीतही तेच: चांदोलीला धो धो, आणि जतला ढग नुसते पूर्वेकडे पळताना दिसतात. त्या वाऱ्यावर वनकुसवड्याच्या पठारावर आणि ढालगावला पवनचक्क्या फिरतात. वारा तोच, कुणाला वीज देतो, कुणाचा वाफसा नेतो.

आपला खरा पाऊस सप्टेंबरचा. तेव्हा पश्चिमेचा जोर ओसरतो, जमीन तापते, दुपारनंतर गडगडाटी ढग उठतात, बंगालच्या उपसागराकडचा ओलावा येतो. या पावसाला सह्याद्री ओलांडावा लागत नाही. वाडवडलांनी हे पुस्तकाशिवाय ओळखलं होतं. म्हणून मृगापेक्षा उत्तरा-हस्तावर भिस्त, आणि खोल काळ्या रानात शाळू. मालदांडी जमिनीतल्या ओलीवर पोसते. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपा, शेवटची पाळी दातेरी कोळप्यानं देऊन भेगा बुजवा. ती ओल वाऱ्याच्या हाती लागू देऊ नका.

इथवर निसर्ग झाला. पुढचं सरकारी आहे.

३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले. साताऱ्यातून वाई आणि खंडाळा. सांगलीतून शिराळा, कडेगाव, खानापूर-विटा आणि मिरज. माण, खटाव, आटपाडी, जत यादीत नव्हते! त्या शेतकऱ्यांबद्दल आमची तक्रार नाही, त्यांचीही पिकं गेली. तक्रार मापाबद्दल आहे. दुष्काळ ठरतो तो सरासरीशी तुलना करून. ज्याची सरासरीच पाचशे, त्याला पावणेचारशे पडला की ७५ टक्के भरले. महाबळेश्वरला ७५ टक्के म्हणजे चार हजारांच्या पुढे. टक्का सारखा, पण रान सारखं आहे का? एका रात्रीत शंभर मिलिमीटर कोसळून ओढ्यानं गेला तरी कागदावर शंभरच. आणि उपाशी माणूस रोजच्याइतकाच उपाशी असेल तर तो आजारी नाही म्हणायचं, असा हा न्याय.

ओरड झाल्यावर नोव्हेंबरात महसूल मंडळं धरली गेली: सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि ७५० मिलिमीटरच्या आत. अशी राज्यात १०२१ मंडळं निघाली. निकष मंडळावर आला हे बरं झालं. पण टक्का आहे तिथंच आहे. आमचं मागणं इतकंच की पावसाच्या आकड्याबरोबर खंड किती दिवसांचा आणि रानात ओल किती, तेही मंडळागणिक मोजून पंचनाम्यात लिहा.

पाण्याचंही तसंच. कोयनेचं ६७.५ टीएमसी पाणी लवादानं विजेसाठी पश्चिमेला वळवायला दिलंय. वाऱ्यानं घाट चढवून आणलेलं पाणी आपण पुन्हा घाटाखाली सोडतो, आणि टेंभूला कृष्णेचं पाणी पंपानं वर चढवायला वीज लागते! यावर पुढच्या मेळाव्यात सविस्तर बोलू.

तोवर एक काम. मंडळाचं यंत्र एका गावात, पाऊस दुसऱ्या शिवारात, असं नेहमी होतं. प्रत्येक गावात उभ्या कडांचं, सपाट बुडाचं भांडं उघड्यावर, झाडापासून लांब ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजा, वहीत लिहा, भांडं पालथं करा. एक मिलिमीटर म्हणजे एकराला चार हजार लिटर. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. खंड त्या शून्यांतूनच मोजायचा आहे. चार पोरांवर पाळी लावून द्या, आणि दिवाळीनंतरच्या बैठकीला येताना वही बरोबर आणा.