काचेच्या पेटींतील समुद्र

रत्नागिरीस झाडगांवांतील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचें मत्स्यालय पाहून परतणाऱ्या पुष्कळांना घरींही असा एक समुद्र असावा, असें वाटतें. समुद्र तर दाराशींच आहे. चार घागरी पाणी आणलें कीं झालें! पण अडचण येथेंच आहे. पाऊस लागला कीं भाट्याच्या खाडीचें पाणी गढूळ व अळणी होतें. आणि प्रवाळाला दर हजार भागांस सुमारें ३५ भाग क्षार लागतात, तेही रोज तितकेच.

उन्हाळ्यांत पेटींतलें पाणी आटतें, मीठ आटत नाहीं. आटलेल्या पाण्याच्या जागीं पुन्हा खारें पाणी ओतणें ही नवशिक्याची नेहमींची चूक. तेथें शुद्ध गोडें पाणीच घालावें. मात्र तांब्याच्या भांड्यांतलें नव्हे, कारण तांबें प्रवाळाला विषच. उष्णता २५ ते २७ अंश राखावी. ती फार वाढून तशीच राहिली तर प्रवाळाच्या देहांत राहून त्याला पोसणारें सूक्ष्म शैवल निघून जातें व तो पांढराफटक पडतो. नव्या पेटींत महिनाभर तरी नुसते दगड ठेवून चिमूटभर खाद्य कुजूं द्यावें, म्हणजे अमोनिया पचविणारे जंतू दगडांवर रुजतात.

इतकें साधलें तरी प्रवाळ आणावयाचा कोठून? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वाघाच्याच अनुसूचींत घातले आहेत. मालवणच्या खडकावरील बोटभर फांदी तोडणें हाही गुन्हा आहे. तेव्हां घरच्या पेटींत मासेच ठेवावे. प्रवाळ पाहावयास मालवणास जावें.