अंथरूण धरण्याचा हक्क

(इनामगाव येथे बचत गटांच्या कार्यकर्त्या, आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

आज मी तुम्हाला एक चिनी अक्षर शिकवणार आहे. मागे बसलेल्या आक्का हसल्या. म्हणाल्या, "मराठी सही शिकायला पन्नाशी उजाडली, आता चिनी कधी व्हायचं?" आक्का, पाचच फटकाऱ्यांचं अक्षर आहे. फळ्याकडे बघा. वर एक टिंब. त्याखाली आडवी रेघ. रेघेच्या डाव्या टोकापासून खाली ओढलेली तिरकी रेघ. आणि तिच्या बाहेरच्या बाजूला दोन बारीक फटकारे. झालं. पडवीचं छप्पर काढल्यासारखं दिसतं.

चिनी भाषेत दुखण्याखुपण्याचे बहुतेक शब्द लिहिताना आधी हे छप्पर काढतात आणि मग त्याच्या आत बाकीचं लिहितात. आजार, वेदना, कर्करोग, फेफरं, सगळी या एकाच छपराखाली.

हे अक्षर मला कुठे भेटलं ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणासाठी सोलापूरला गेले होते. तिथे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं घर स्मारक म्हणून जपलेलं आहे. सोलापूरचा हा तरुण डॉक्टर १९३८ साली, जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेला. बाकीचे परतले, कोटणीस तिथेच राहिले. चिनी शिकले, चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवू लागले. कुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, फेफऱ्याच्या झटक्यांनी ते गेले. तेव्हा त्यांचा मुलगा चार महिन्यांचाही नव्हता.

मला प्रश्न पडला, इथून गेलेल्या डॉक्टरला सगळ्यात आधी कुठलं अक्षर शिकावं लागलं असेल? माझ्या मैत्रिणीची बहीण चिनी शिकते, तिला विचारलं. तिने कागदावर हेच छप्पर काढलं आणि म्हणाली, "ताई, हे छप्पर नाहीये. ही खाट आहे."

तीन हजार वर्षांपूर्वी चिनी लोक कासवाच्या कवचावर आणि बैलाच्या हाडावर अक्षरं कोरायचे. त्या जुन्या अक्षरात एक खाट उभी करून काढलेली असते आणि तिच्यावर माणूस. काही ठिकाणी माणसाच्या आजूबाजूला थेंब आहेत, बहुधा घामाचे. आजारी म्हणजे कोण? जो खाटेवर पडला आहे तो.

मला एकदम आपली मराठी आठवली. आपणही म्हणतोच की, "त्यानं अंथरूण धरलं." कुठला चीन, कुठलं शिरूर, पण दुखणं ओळखायची खूण एकच. माणूस आडवा झाला की तो आजारी.

पण मैत्रिणींनो, मराठीत दुसराही एक शब्दप्रयोग आहे. दुखणं अंगावर काढणं. आता तुम्हीच सांगा, आपल्या घरात अंथरूण कोण धरतं आणि अंगावर कोण काढतं?

(सभेतून: "पुरुष धरत्यात, बाया काढत्यात!")

बरोबर. त्याला कणकण आली की घर दबक्या पावलांनी चालतं. तिला ताप असला तरी ती भाकऱ्या थापून, गोळी घेऊन कांदा काढायला जाते. मी घरोघरी विचारत फिरले, "काकू, काही त्रास?" उत्तर यायचं, "काय न्हाय बाई, नुसती कंबर दुखतीया." त्या 'नुसती'च्या आत काय काय असतं! अंगावरून पांढरं जातं. पाळी दहा दहा दिवस थांबत नाही. खोकलं की लघवी होते. अंग बाहेर येतं. पण ती उभी आहे, म्हणजे घराच्या लेखी ती बरी आहे.

हे फक्त माझं म्हणणं नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार निघाला. त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. म्हणजे बाकीच्या सगळ्या उभ्या होत्या, कामावर होत्या.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचं प्रकरण गाजलं. त्याच्या मुळाशीही हेच आहे. पाळीत दुखलं म्हणून एक दिवस कोपीत पडून राहिलं तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. आडवं व्हायला एक दिवस मिळत नाही, म्हणून बाई पिशवीच काढून टाकते. आपल्या तालुक्यातही दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोपीत जाऊन कधी विचारलंय आपण?

आता माझ्या घरातलं सांगते. माझी आई कधी आजारी पडली नाही, असं आम्ही भावंडं कौतुकानं सांगायचो. पाहुण्यांसमोर सांगायचो. एम.एस.डब्ल्यू. करताना मी स्त्रियांच्या आरोग्यावर प्रकल्प लिहिला, त्याला चांगले मार्क मिळाले. सुट्टीत घरी गेल्यावर आईच्या हातचं जेवले आणि परत आले. तिने अंथरूण धरलं ते एकदाच. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होता, खूप पुढे गेलेला. दोन वर्षं अंगावरून जात होतं आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. मी विचारलंच नव्हतं. या कामात मी पुस्तकं वाचून आले असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे मी त्या न विचारलेल्या प्रश्नामुळे आले.

पुन्हा अक्षराकडे येऊ. या खाटेच्या आत बाणाचं चिन्ह घातलं की आजाराचाच एक जुना शब्द होतो. आणि त्या शब्दाच्या शेजारी बाईचं चिन्ह उभं केलं की अर्थ काय होतो माहीत आहे? मत्सर! भाषातज्ज्ञ सांगतील की आजाराचा शब्द तिथे उच्चारासाठी घेतलाय. असेल. पण मत्सर लिहायला शेजारी बाईच का आठवावी? बायकांचं दुखणं म्हणजे स्वभावाचा दोष, असं सांगणारे तिकडेही होते म्हणायचे. आपल्याकडे म्हणतात, "नाटकं करतीया."

त्या हाडांवर एका राणीचीही नोंद आहे. तिचं नाव फू हाओ. फौज घेऊन लढाईला जाणारी बाई. १९७६ साली तिची कबर उघडली तेव्हा आत शंभराहून जास्त शस्त्रं मिळाली. तिचं बाळंतपण नीट होईल का, असा कौल राजाने लावला आणि तो कासवाच्या कवचावर कोरला. महिन्याभराने ती बाळंत झाली. पुढे निकाल कोरलाय: चांगलं झालं नाही, मुलगी झाली. तिला किती त्रास झाला, ती कशी होती, यावर एक अक्षर नाही.

त्याच सुमाराला, तीन हजार वर्षांपूर्वी, इथे या घोड नदीच्या काठी आपलं इनामगाव नांदत होतं. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या लोकांनी इथे उत्खनन केलं. तुमच्यापैकी काहींच्या सासूबाईंनी तिथे रोजंदारीवर माती उचलली असेल. घरांच्या जमिनीखाली मडकी निघाली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि त्यांत तान्ही मुलं. रानात नाही, घरातच पुरलेली. गावाच्या शेवटच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणाही अभ्यासकांना त्यांच्या हाडांत दिसल्या. त्या लोकांना लिहिता येत नव्हतं. त्या आयांचं दुखणं कुणी लिहून ठेवलं नाही. हाडांनी जेवढं सांगितलं तेवढंच आपल्याला कळलं.

आपलं दुखणं कळायला पुन्हा हाडंच उकरावी लागू नयेत, एवढंच मला आज म्हणायचं आहे.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही गटात एक गोष्ट केली. हे खाटेचं अक्षर दाखवलं आणि म्हटलं, आता अंगावर काढलेल्या दुखण्याचं अक्षर तुम्ही तयार करा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आधी काढलं. एक उभी बाई, डोक्यावर पाटी. सगळ्यांना एकदम पटलं. आता आमच्या बचतीच्या वहीत हप्त्याच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आहे. त्रास असेल तिने ही उभी बाई काढायची. काय होतंय ते सगळ्यांसमोर सांगायची सक्ती नाही.

एका ताईने लागोपाठ तीन महिने उभी बाई काढली. चौथ्या महिन्यात मी तिच्याबरोबर बांधावर बसले. दुसऱ्या बाळंतपणापासून, म्हणजे नऊ वर्षं, तिचं अंग बाहेर येत होतं. कंबरदुखी म्हणून इंजेक्शनं घेऊन झाली होती, आतून तपासलं कुणीच नव्हतं. तिला घेऊन तालुक्याला गेलो. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सहा आठवडे जड उचलायचं नाही, आराम करायचा. ती मला म्हणाली, "आराम लिहून दिलाय, पण भाकरी कोण टाकल?" मग गटाने पाळ्या लावल्या. रोज एका घरून डबा. पंधरा दिवसांनी तिच्या नवऱ्याने स्वतः चूल पेटवली. लोकं काय म्हणतील म्हणून असेल, पण पेटवली!

कोटणीसांनीही झटके येत असताना काम सोडलं नव्हतं. त्यांचं दुखणं अंगावर काढणं त्याग ठरलं, आणि ते योग्यच आहे. १९४६ साली व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. आपल्यावर सिनेमा नको. आपल्याला गावात महिन्यातून एकदा स्त्री डॉक्टर हवी, तपासणीचं टेबल हवं, त्याला पडदा हवा. ग्रामसभेत ही मागणी ठरावात घालून घ्यायची आहे, त्यासाठी तुम्ही सगळ्या हव्यात. आणि घरात मागायचंय ते एवढंच, की मीही अंथरूण धरीन, वेळेवर धरीन, म्हणजे त्यातून उठता येईल.

आता वह्या उघडा. पाच फटकारे आहेत. आधी टिंब. आक्का, तुम्ही फळ्यावर या.