अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास
(कळंब येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा फुप्फुसाचा जुनाट आजार हा विषय आज आम्हांस दिला आहे. विषय मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातला वाटतो. परंतु या आजाराची सुरुवात आणि त्याचा खरा उपचार ही दोन्ही टोके कळंबसारख्या गावातच आहेत, असे आमचे म्हणणे आहे.

आपल्याकडे म्हातारी माणसे सांगतात, सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही. हे खरे नाही. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे. त्यातही ३२ आठवड्यांच्या आतले, दीड किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ असेल तर त्याच्या फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या पुरत्या तयार झालेल्या नसतात. श्वास सोडल्यावर त्या मिटू नयेत म्हणून आतून एक स्निग्ध थर लागतो, तोही कमी असतो. मग प्राणवायू द्यावा लागतो, कधी यंत्राने श्वास द्यावा लागतो. बाळ वाचते, पण १९६७ साली अमेरिकेत डॉ. नॉर्थवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, जास्त प्राणवायू आणि यंत्राचा दाब यांनीच कोवळ्या फुप्फुसाला इजा पोचते. आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजून ३६ आठवडे भरले तरी प्राणवायू सुटत नसेल, तर हा आजार जडला असे डॉक्टर धरतात.

म्हणून आता प्राणवायू मोजून देतात. रक्तातले त्याचे प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्के राखतात. तो अति झाला तर डोळ्याचा पडदाही बिघडतो, यासाठी अशा बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासून घ्यावेतच. घशात नळी घालण्याऐवजी शक्य तिथे नाकातून हलक्या दाबाने हवा देतात. श्वास विसरणाऱ्या बाळाला कॅफीन देतात, त्याने हा आजारही कमी होतो. (हे ऐकून कोणी घरी बाळाला चहा पाजू नये!)

आता सुरुवातीच्या टोकाकडे येऊ. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांच्या प्रसूतिरजेचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. कायदा १९२९ साली झाला. पण वीटभट्टीवर विटा वाहणाऱ्या बाईला आजही कसली रजा? तिचा विसावा घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच पाहायचा आहे.

दुसरी गोष्ट इंजेक्शनची. २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोन देतात. ६ मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी. त्याने बाळाचे फुप्फुस लवकर पिकते. २०१४ पासून पहिला डोस देऊन पुढे पाठवण्याची मुभा सरकारने नर्सबाईंनाही दिली आहे. इंजेक्शन मिळाले म्हणून घरी मात्र थांबायचे नाही. पुढे कर्जत, उल्हासनगर किंवा मुंबई गाठायचीच. आणि आठवडे मोजणार कशावरून? शेवटच्या पाळीची तारीख कळंबच्या आरोग्य केंद्रात वेळेवर नोंदवली असेल तरच. आमच्या मते ही एक तारीख एखाद्या महागड्या यंत्राच्या तोडीची आहे. विद्यार्थिनींनी आपल्या वहिनीला, मावशीला ती विचारून लिहून ठेवावी.

दुसरे टोक घरचे. बिघडलेले फुप्फुस दुरुस्त करणारे औषध अजून नाही. पण हवेच्या पिशव्या जन्मानंतरही दोन-तीन वर्षे जोमाने नव्याने तयार होत राहतात. म्हणजे बाळ वाढले की फुप्फुस वाढते. आईचे दूध, छातीशी कातडीला कातडी लावून धरणे, आणि दर आठवड्याला वजन. शीव रुग्णालयात १९८९ साली मातृदुग्ध पेढी निघाली, ती अशाच बाळांना आईचे दूध कमी पडू नये म्हणून. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्याव्यात, बाळ लहान दिसते म्हणून पुढे ढकलू नयेत.

आणि धूर. चुलीचा, विडीचा, भट्टीचा. बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडीच्या खोलीत कोंडण्याची रीत या बाळांच्या बाबतीत घातक आहे. घरी प्राणवायू चालू असेल तर त्या खोलीत चूल नको, विडी नको. आणि आम्ही स्पष्टच सांगतो, भगवंतांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढची मेणबत्ती नि अगरबत्तीही नको. प्राणवायूजवळ आग झटकन भडकते. वंदना मेणबत्तीवाचूनही होते.

पावसाळ्यात वीज गेली तर यंत्र बंद पडते, तेव्हा भरलेला सिलिंडर घरात हवा. पहिली दोन वर्षे साधे पडसेही या बाळांना आडवे पाडते. शिंकणाऱ्या पाहुण्याला बाळ हातात देऊ नये, तो सख्खा मामा असला तरी. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, दूध पिताना धाप लागत असेल, ओठ निळे दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि रुग्णालयातून मिळालेले कार्ड सोबत घ्यावे. नव्या डॉक्टरांना त्या कार्डावरूनच कळते की, हे बाळ किती आठवड्यांचे जन्मले आणि किती दिवस प्राणवायूवर होते.