तारीख चुकली, साइट अडली

आमच्या बचत गटाला प्रदर्शनात पापड-मसाल्यांचा स्टॉल हवा होता. ऑनलाइन अर्जाचा शेवटचा दिवस, आणि अध्यक्षताईंच्या घरच्या कॉम्प्युटरवर साइट उघडेना! ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ एवढंच दिसे. इंटरनेट बंद म्हणावं, तर त्याच वायफायवर मोबाइलमध्ये साइट उघडत होती. म्हणजे दोष कॉम्प्युटरातच.

एकीनं कोपऱ्यातली तारीख पाहिली. तिथं २०१५ साल! सुरक्षित साइटला प्रमाणपत्र असतं, त्याला मुदत असते. कॉम्प्युटर ती मुदत स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळच चुकलं, तर खऱ्या साइटवरही त्याचा विश्वास बसत नाही. आम्ही तारीख-वेळ नीट केली, साइट उघडली, अर्ज गेला.

दुसऱ्या दिवशी लाइट गेली आणि पुन्हा तेच. आतला नाण्याएवढा सेल संपला होता. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर २०३२ असतो. नवा बसवला, कटकट मिटली.

तारीख बरोबर असूनही इशारा आला, तर मात्र ‘तरीही पुढे जा’ दाबू नका. पासवर्ड, ओटीपी टाकू नका. साइटचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासा.

साइट अडली की आधी घड्याळ बघायचं, हे आता आम्हा सगळ्यांना पाठ झालंय.